मास्तरांचा उजवा हात

नर्स व्हायला काय लागतं हे ज्याला-त्याला ठाऊक असतं. स्वभाव प्रेमळ हवा, बोलणं गोड हवं आणि रक्त बघून चक्कर येता कामा नये. एवढं असलं की झाली नर्स! तुरतुरीच्या घरी तर या बाबतीत दुमत नव्हतंच. ती शाळेत होती तेव्हाच मावशीने जाहीर करून टाकलं होतं की ही पोर नर्स होणार. मावशीकडे पुरावा होता. एकदा पाय मुरगळला म्हणून ती बहिणीकडे मुक्कामाला राहिली, तेव्हा या भाचीने तिला पलंगावरून पाऊल खाली टाकू दिलं नव्हतं. पाणी हातात, चहा हातात, चष्मासुद्धा हातात. मावशी परत गेली तेव्हा पाय होता तसाच होता, कपडे मात्र घट्ट झाले होते.

तुरतुरी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. नर्सिंगच्या शाळेतून पहिल्यांदा वॉर्डात आली तेव्हा ती चालत नसे, तुरुतुरु पळत असे. म्हणून पेशंटांनीच तिला हे नाव ठेवलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. पळायची सवय घरचीच. तिच्या आईच्या राज्यात कुणाला काही मागावं लागत नसे. तहान लागायच्या आत पाण्याचा पेला समोर, शिंक यायच्या आत रुमाल. दादा म्हणजे चांगला नोकरीला लागलेला, मिशीवाला गडी, पण आपले मोजे कोणत्या खणात असतात याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने मोज्यांचा विचार मनात आणावा आणि आईने ते हातात ठेवावेत, असा त्या घराचा शिरस्ता. त्यालाच तिथे प्रेम म्हणत. प्रेम आणखी कुठल्या तऱ्हेने करता येतं, हे तुरतुरीला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला मिळाला होता तो लांब मुक्कामाच्या पेशंटांचा वॉर्ड. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाच्या अंगावरून वारं गेलेलं. औषधपाणी इथे थोडं. उठायचं, बसायचं, चालायचं, जेवायचं हे सगळं पहिल्यापासून पुन्हा शिकायचं. वॉर्डाच्या प्रमुख होत्या मोठ्या सिस्टर. मोठ्या म्हणायच्या, पण उंचीने सगळ्यांत लहान. कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोचायला त्यांना स्टूल लागे. आवाज मात्र स्टुलाशिवाय कुठेही पोचे. वॉर्डात फिरताना त्यांचे दोन्ही हात कायम पाठीमागे बांधलेले असत. एखादा पेशंट चमच्याशी झटापट करत असला तरी या आपल्या शेजारी उभ्या, हात मागे. शिकाऊ मुलींनी आपसांत ठरवून टाकलं होतं की बाईंना कामाचा कंटाळा आहे.

तुरतुरी तिथे रुळते न रुळते तोच मोठ्या सिस्टर लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या. आणि त्या नव्हत्या तेव्हाच टेलरमास्तर आले.

मास्तरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय थोडा ओढत, जीभ किंचित जड, आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. नजर मात्र शाबूत होती. तुरतुरी पहिल्यांदा समोर आली तेव्हा त्यांनी तिच्या गणवेशाकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"पोरी, हा खांदा कुणी बसवलाय?"

"दवाखान्यातूनच मिळालाय, काका."

"त्याला म्हणावं गोणपाट शिव. माणसांच्या वाटेला जाऊ नको."

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त बस कंडक्टर पाय प्लॅस्टरमध्ये टांगून पडले होते. ते हसले, तुरतुरी हसली, आणि शेवटी मास्तरही अर्ध्या ओठांनी हसले. त्या हसण्यावर पोरीने जीव टाकला.

मग काय विचारता! मास्तरांना सकाळी तोंड धुऊन देणार तुरतुरी. शर्ट चढवून बटणं लावणार तुरतुरी. सूपचा चमचा फुंकून तोंडापर्यंत नेणार तुरतुरी. मास्तरांची डावी भुवई जराशी वर गेली की तिला कळायचं, चहा हवाय. उजवीकडे मान झाली की खिडकी लावायची. नुसत्या भुवयांवर त्यांचा संसार चालला होता. मास्तर त्या बदल्यात तिला धंद्यातल्या गोष्टी सांगत. पोट सुटलं तरी जुन्याच मापाचा कोट शिवून घेणारे एक वकील होते, त्यांची गोष्ट ऐकून तर ती कमोडच्या भांड्यासकट खाली बसून हसली होती. मास्तरांना एकच मुलगा. "मला लेक नव्हती," ते कंडक्टरांना म्हणत, "ती आता मिळाली. बोट उचलावं लागत नाही मला."

हे ऐकून तुरतुरीच्या अंगावर मूठभर मांस चढे. मोठ्या सिस्टरांच्या जागी आलेल्या बाईसुद्धा खूश होत्या. मास्तरांचा भांग सरळ, कॉलर नीट, चादरीवर डाग नाही. आणखी काय पाहिजे?

पाहिजे होतं ते असं. मास्तरांची बायको रोज दुपारी भेटायला येई. वॉर्डातले सगळे तिला काकू म्हणत. काकूंचे डोळे जवळजवळ गेलेले. भिंतीचा कठडा चाचपत त्या यायच्या आणि कंडक्टरांच्या खोकल्यावरून मास्तरांचा पलंग ओळखायच्या. पण स्वतःच्या घरात त्यांचं काही अडत नसे. कुठला डबा कुठे, गॅसची कोणती कळ सैल, कोणत्या पायरीचा कोपरा उडालेला, सगळं हाताला पाठ. पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान, मागच्या खोलीत काकूंचं स्वयंपाकघर. मास्तर त्यांचे डोळे होते आणि बाकी सगळं काकू होत्या. मुलगा लांबच्या शहरात, उंच इमारतीत राहत होता. मुलगा गुणी होता, सूनही बरी होती. पण डॉक्टरांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं: वडिलांच्या हातात ताकद येते आहे, पण हात काही करत नाही. स्वतःचं स्वतः आवरता आलं नाही तर दिसत नसलेल्या बाईच्या भरवशावर त्यांना घरी कसं पाठवायचं? महिनाअखेरीपर्यंत बघू. नाही जमलं तर तुमच्याकडे न्या.

"मग दुकान विकून टाकू आणि दोघांनाही घेऊन जातो," मुलगा म्हणाला. तो बिचारा दुसरं काय म्हणणार?

काकू त्या दिवशी निघताना तुरतुरीच्या हाताला धरून जिन्यापर्यंत आल्या. "बाळा, तिथे मला साखर कुठली आणि मीठ कुठलं हेसुद्धा कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला एका खुर्चीत बसवून ठेवतील. चांगल्या खुर्चीत बसवतील गं, पण बसवूनच ठेवतील ना?"

तुरतुरीला जे सुचलं ते तिने केलं. दुसऱ्या दिवसापासून ती मास्तरांची आणखी काळजी घेऊ लागली.

मोठ्या सिस्टर रजेवरून परत आल्या त्या सकाळी तुरतुरी मास्तरांचं शेवटचं बटण लावत होती. सिस्टर पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, छान दिसताय. शर्ट कुणी घातला?"

"मी," तुरतुरी म्हणाली. कुणी शाबासकी मागायला पुढे यावं तशी ती बोलली होती.

"आणि नाश्ता?"

"मीच भरवते, सिस्टर. एक घास टाकू देत नाही."

सिस्टरांनी टेबलावरचा कप मास्तरांच्या उजव्या हाताजवळ सरकवला. "काका, घ्या बरं जरा."

मास्तरांनी कपाकडे पाहिलंही नाही. त्यांनी तुरतुरीकडे पाहिलं आणि डावी भुवई उचलली. तुरतुरीचा हात आपसूक कपाकडे गेला. सिस्टरांनी तो मनगटाशी धरला आणि तसाच धरून तिला चादरींच्या खोलीत नेलं.

"तू त्यांचा हात खाल्लास," सिस्टर म्हणाल्या.

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

"मी फक्त मदत केली, सिस्टर."

"कुणाला? अगं, त्या हाताला काम दिलं तर तो जागा होणार. घास उचलायला लागला, सांडला, पुन्हा उचलला, की शिकणार. त्याला तू काही करूच दिलं नाहीस. मग तो कशाला शिकेल? त्याला वाटलं आपली गरज संपली. पडून राहिला."

"पण त्यांना त्रास होतो. बघवत नाही मला."

"बघवत नाही म्हणून तू केलंस ना? मग मदत झाली ती तुला."

तुरतुरीला रडू फुटलं. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिने सरळ सांगून टाकलं की मला हे काम जमायचं नाही, मी घरी जाते. मोठ्या सिस्टरांनी तिला थोडं रडू दिलं. मग दोन्ही हात पुढे करून तिच्यासमोर धरले. आखूड बोटांचे, धुऊन धुऊन खरखरीत झालेले हात.

"तुम्ही पोरी मला आळशी म्हणता, ठाऊक आहे मला. हे हात मी मागे का बांधते सांगू? मोकळे सोडले तर माझं ऐकत नाहीत. इतकी वर्षं झाली, अजून शिवशिवतात. तुझे शिवशिवतात हे चांगलंच आहे. ज्याचे शिवशिवत नाहीत त्याने इथे येऊच नये. पण ते आवरायला शिक. महिनाअखेरीला अजून दिवस आहेत. तू बिघडवलंयस, तूच निस्तर."

दुसऱ्या दिवशी तुरतुरीने शर्ट मास्तरांच्या मांडीवर ठेवला, डाव्या हाताने बाही कशी धरायची आणि उजवा हात आधी कसा घालायचा ते दाखवलं, आणि ती मागे सरून उभी राहिली. मास्तरांना वाटलं पोरगी गंमत करतेय. त्यांनी भुवई उचलली. तिने खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी पुन्हा उचलली. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही गंमत नाही.

"मी तुझं काय घोडं मारलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका. पहिलं बटण घ्या."

जन्मभर ज्या माणसाने लोकांची काजं-बटणं केली, कोटाला आतून असं अस्तर लावलं की टाका शोधून सापडू नये, त्याच्या बोटांतून स्वतःच्या शर्टाचं बटण निसटत होतं. एकदा निसटलं, पुन्हा निसटलं. कपाळावर घाम आला. तुरतुरीने हात मागे घेऊन एका हाताने दुसरा असा आवळला की नखं रुतली. शेवटी मास्तरांनी शर्ट जमिनीवर फेकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने शर्ट उचलला, झटकला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. नाश्त्याला त्या दिवशी उशीर झाला. मास्तर अर्ध्या बटणांनी जेवले, आणि त्यातला निम्मा नाश्ता त्या अर्ध्या बटणांवर सांडला.

वॉर्डातलं जनमत फिरायला वेळ लागला नाही. "कालपर्यंत लेक होती, आज सावत्र आई झाली," कंडक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. मास्तरांनी तिच्याशी गप्पा बंद केल्या. वकिलाच्या गोष्टीचा पुढचा भाग त्यांनी तिच्यासमोर, पण मुद्दाम दुसऱ्या शिकाऊ मुलीला सांगितला. त्यात पोट आणखी सुटल्यावर काय झालं ते होतं आणि सगळे हसले. तुरतुरी पाठ करून चादर ताणत राहिली. लोकांना आपण आवडतो, या एका गोष्टीवर ती आजवर जगली होती, आणि तीच नेमकी हातची गेली होती.

घरीसुद्धा तिचं धड चाललं नव्हतं. एका सकाळी दादाने नुसतं "मोजे" म्हणायला तोंड उघडलं आणि आई उठली, तर तुरतुरी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, बस. तो घेईल."

"अगं, त्याला उशीर होतोय."

"होऊ दे."

दादाने एक खण उघडला, त्यात टॉवेल निघाले. दुसरा उघडला, त्यात आईचे रुमाल. तिसऱ्या खणाशी पोचेपर्यंत तो इतका हताश झाला की तुरतुरीला हसू आवरेना. "हिला दवाखान्यात काय शिकवतात?" तो पुटपुटला आणि एक निळा आणि एक काळा मोजा घालून कामावर गेला.

आईला मात्र हसू आलं नाही. लेकीने तिला मास्तरांची सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. तो आधीच स्वच्छ होता. "मग मी एवढी वर्षं तुमचं काय केलं?" तिने विचारलं.

तुरतुरी मागून जाऊन तिला बिलगली. "लाड केलेस. आमचे हातपाय धडधाकट होते गं, आम्हाला काही झालं नाही. दादा तेवढा वाया गेला." तेव्हा कुठे आई हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

मास्तरांचा राग काही उतरला नाही. पण रागाच्या भरात माणूस जे करतो ते मन लावून करतो. तुरतुरी दिसली की ते दात-ओठ खाऊन शर्ट ओढून घेत, तिला दाखवून देण्यासाठी. पहिलं बटण लागलं त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ते तिच्या नाकावर टिच्चून लावलंय. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, नुसतं म्हणाली, "आता दुसरं." ते तिला मनातल्या मनात काय म्हणाले ते कंडक्टरांनासुद्धा ऐकू आलं असावं. मग चमचा आला. मग कंगवा आला. एकदा सूप सगळं छातीवर सांडलं आणि मास्तर ओल्या शर्टानिशी लहान मुलासारखे रडले. तेव्हा तिला राहवलं नाही. ती पुढे धावली, चमचा हातात घेतला, आणि चमचा त्यांच्या ओठांपाशी नेता नेता थांबली. तिने तो त्यांच्या उजव्या मुठीत ठेवला, मूठ आपल्या हाताने बंद करून दिली, आणि हात काढून घेतला. हात काढून घेणं हे त्या पोरीने आजवर केलेलं सगळ्यांत अवघड काम होतं. मास्तर बराच वेळ नुसते मुठीकडे बघत बसले. मग त्यांनी चमचा वाडग्यात घातला.

महिनाअखेर आली. वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली होती, तीत पलंग, कपाट, शेगडी, नळ, सगळं एखाद्या घरातल्यासारखं मांडलेलं होतं. घरी जाऊ पाहणाऱ्या पेशंटाने तिथे सकाळ करून दाखवायची. डॉक्टर आले, मुलगा आला, काकू खुर्चीत बसल्या. मोठ्या सिस्टर दाराशी, आणि त्यांच्या शेजारी तुरतुरी. काकूंना काही दिसत नव्हतं, म्हणून त्या मान एका बाजूला करून ऐकत होत्या.

मास्तर पलंगावरून उठले. तोंड धुतलं. शर्ट घातला, बटणांना वेळ लागला, डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण शेवटचं बटण लागलं. मग चहा. पाणी तापलं, चहाची पूड पडली, आणि भांडं उचलताना उजवी मूठ सुटली. चहा ओट्यावर सांडला आणि कडेने खाली गळू लागला.

मुलगा खुर्चीवरून उठला. मोठ्या सिस्टरांनी त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

मास्तरांनी वळून पाहिलं ते मुलाकडे नाही, बायकोकडे नाही. त्यांनी तुरतुरीकडे पाहिलं, आणि डावी भुवई उचलली.

एवढ्या दिवसांत ती भुवई तिच्यासाठी उचलली गेली नव्हती. तुरतुरीने एक पाऊल टाकलं असतं तर ती पुन्हा त्यांची लेक झाली असती. ती हलली नाही. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ती उभी राहिली आणि मान तेवढी हलवली, नाही म्हणून.

मास्तरांनी तोंडातल्या तोंडात एक कचकचीत शिवी हासडली. मग डाव्या हाताने फडकं ओढलं, ओटा पुसला, फडकं पिळलं. भांड्यात पुन्हा पाणी घातलं, या वेळी अर्धंच. चहा झाला तसा त्यांनी भांडं डाव्या हाताने उचललं, उजव्या हाताने त्याला खालून फडक्याचा टेकू दिला, आणि कपात ओतलं. कप उचलून ते हळूहळू खोली ओलांडून आले आणि तो त्यांनी काकूंच्या हातात दिला.

"साखर कमी आहे," काकू म्हणाल्या.

"तुला नेहमीच कमी असते," मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले. "न्या यांना घरी," ते मुलाला म्हणाले. "यांच्या घरी."

निघायच्या वेळी मास्तरांनी सगळ्यांचा निरोप घेतला. मोठ्या सिस्टरांना म्हणाले, तुमच्यासारखी बाई नाही. कंडक्टरांचा हात हातात घेऊन हलवला, तोही उजव्याने. दुसऱ्या शिकाऊ मुलीला वकिलाची गोष्ट कशी संपते ते सांगितलं. तुरतुरीपाशी आले तेव्हा थांबले, तिच्या गणवेशाच्या खांद्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार असं वाटलं, आणि काठी टेकत पुढे निघून गेले. मुलगा त्यांच्यामागून पिशव्या घेऊन उतरला.

तुरतुरी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. ते घरी चालले होते, दुकान राहणार होतं, स्वयंपाकघर राहणार होतं, आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता. पण वाईटही फार वाटत होतं. दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं तिला राहून राहून वाटलं. हुंदका गिळायचा तिने प्रयत्न केला, ते जमलं नाही.

"कोण, तू आहेस का गं?" मागून आवाज आला. काकू कठडा चाचपत येत होत्या.

"हो, काकू."

काकूंनी हात पुढे केला, तिचा चेहरा सापडेपर्यंत हवेत फिरवला, आणि गाल, नाक, कपाळ सगळीकडून फिरवून पाहिला. गाल ओले लागले तसा त्यांचा हात थांबला.

"अगंबाई, एवढीशी तर आहेस तू! ह्यांचं ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी थोराड बाई असेल. रोज दुपारी तुझ्या नावाने खडे फोडायचे हे. ही अशी, ही तशी, हिला दयामाया नाही, हिच्या घरचे हिला कसे सोसतात देव जाणे."

"माहीत आहे मला," तुरतुरी नाक ओढत म्हणाली.

"तुला काय माहीत आहे? ऐक." काकू आणखी जवळ आल्या. "पहिल्या पहिल्यांदा हे तुझं कौतुक करायचे बघ. लेक मिळाली म्हणायचे, बोट उचलावं लागत नाही म्हणायचे. मी तेव्हा घरी जाऊन रडायचे. आमच्या संसारात ह्यांनी कधी कुणाचं कौतुक केलंय? माझ्या चहाचं नाही, गिऱ्हाइकाचं नाही, देवाचंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. ह्यांनी आता सोडून दिलं सगळं. मग एका दुपारी मी आले तर तुला शिव्या देत बसले होते. शर्टावरून. अशा तोंडभरून शिव्या दिल्या म्हणून सांगू! मी तशीच घरी गेले आणि दुकानातली शिवणाची मशीन पुसून ठेवली."

खालून मास्तरांचा आवाज आला, "येतेस का आज? का तिथेच राहतेस?"

"आले, आले," काकू ओरडल्या, आणि कठडा शोधू लागल्या. तुरतुरीचा हात सवयीने पुढे झाला, आणि मध्येच अडखळला. काकूंना ते दिसलं नाही, पण कळलं.

"मला धर गं," त्या म्हणाल्या. "तुमचा जिना मला पाठ नाही. मला मदत लागते, आणि मला ती आवडते."

तुरतुरीने त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि एकेक पायरी सांगत खाली नेलं.